दोन बोटं उजवीकडे

बाबालाल मुजावरनं नऊशेला दिली.
"नळी सरळ हाय, चाप बसतोय,
दम तेवढा न्हाई राहिला," म्हणाला,
आणि स्वतःच खोकला.

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटल्यावर
मी ती व्हाइसमध्ये धरली,
जबड्यांना सायकलची जुनी ट्यूब लावून.
नळी मोडली, छर्रा घातला, चाप ओढला.
फुस्स.
छर्रा नळीच्या तोंडाशी आला
आणि बाकावर टपकन पडला.

मागची पिन काढताना टोपी दाबून धरायची असते,
आतली स्प्रिंग ओळखपाळख ठेवत नाही.
धरली, तरी सुटलीच.
पत्र्यावर आदळली, शेजारच्या गाळ्यातून बसाप्पा ओरडला,
"एनातो मारायाऽ?"
"एनिल्लो," म्हटलं, अंगठा तोंडात धरून.

स्प्रिंगचे दोन वेढे वाकडे. पिस्टन काळाकुट्ट.
त्याच्या तोंडावरचा चामडी वायसर
उन्हात विसरलेल्या आंब्याच्या सालीगत,
आणि त्याला एक चीर, नखाएवढी.
चिंचलीच्या किती जत्रांचा वारा
एवढ्याशा फटीतून निघून गेला असेल!

रबरी वायसर मिळतो, पुण्याहून मागवावा लागतो.
मी अथणीची बस धरली.
हुलगप्पा चपलेला वेणी घालत बसला होता,
मान वर न करता म्हणाला, "कुठल्या पायाची?"
मी पिस्टन पुढं ठेवला.
त्यानं तो वासला, फिरवला, परत वासला.
"पाठीचं कातडं घे. पोटाचं फुगतंय."
गोल कापून दिलं. पैसे विचारले तर
चहावाल्याकडं बोट केलं.

पंचवीस मिलीमीटर, वर पाव सूत.
रात्रभर मशीनच्या तेलात भिजवलं,
लेथवर सागाचा गुट्टा उतरवून
त्यात दाबून वाटी केली.
हे काम मला येतं. एवढंच येतं.

पहिल्या बाराला निळा धूर, करपल्या तेलाचा वास.
दुसऱ्याला थोडा कमी.
तिसऱ्याला ग्रीसच्या डब्याला भोक.
फक्त, मी धरला होता मध्य,
आणि भोक होतं दोन बोटं डावीकडे.

परत मारला. परत डावीकडे.
बंदूक व्हाइसला आवळून मारला, तरी डावीकडे.
तेव्हा भिंग लावून माशी बघितली.
उजवीकडे सरकवलेली.
बाजूला पंचचा घाव, जुना, आत रंग भरलेला.

मुजावरला फोन लावला.
तो हसला, मग खोकला, मग म्हणाला,
"त्यो बिघाड न्हवं रे, भांडवल हाय.
सरळ माशीवर पोरगी डिप्लोमा झाली असती व्हय?"

सहावीत होतो. चिंचलीची जत्रा,
त्याच कापडावर फुग्यांच्या रांगा, रुपयाला दहा बार.
दहाही फुगे जागेवर.
आप्पा म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत फरक हाय."
मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.
आप्पांना पटलं नाही,
त्यामुळं मलाही नाही.
अठराव्या वर्षी मराठा सेंटरच्या भरतीला गेलो,
रांगेत पाऊण तास उभा राहिलो,
माझ्यापुढं सातच जण उरले
तेव्हा बाहेर पडून उसाचा रस पिऊन आलो.
घरी सांगितलं, उंची भरली नाही.

पितळी पंच माशीला टेकवला.
हातोडी उजव्या हातात.
एक टिचकी, फार तर दोन.
बराच वेळ तसाच उभा होतो, लेथ थंड होईस्तोवर.
मग पंच खणात ठेवला.

रविवारी बसाप्पाचा पोरगा आला.
बंदूक त्याच्या खांद्याला मोठी होते,
मी खाली पोत्याची घडी दिली.
म्हटलं, "दोन बोटं उजवीकडे धर."
ठप्.
ग्रीसच्या डब्याच्या बरोबर मध्यात.

"मग माशीच सरळ का करीनास, मामा?"

मी स्प्रिंग पुसत होतो, जुनी, वाकडी,
बदलायची राहिलेली नव्हे, बदलून काढलेली.
ती टाकायची कुठं, हे बघत होतो.